उतरणाऱ्या पायाखाली

ब्रेझोवाक गावाच्या बास्केटबॉल संघात आल्यावर रास्त्कोला पहिली किळस आली ती कप्तानाच्या थुंकीची. कप्तान झार्को पस्तिशीचा, मानेत रेड्याचं बळ असलेला गडी. सराव सुरू झाला की तो तळहातावर थुंकायचा, बुटाचे तळवे घसरू नयेत म्हणून त्यांना ती थुंकी फासायचा, आणि मग त्याच ओल्या हाताने रास्त्कोच्या चड्डीची कंबर मागून मुठीत धरायचा. रिंगवर आपटून परतलेल्या बॉलसाठी, रिबाउंडला, उडी मारावी तर रास्त्को जागचा हलायचा नाही. बॉल झार्कोच्या हातात आणि झार्कोचं कोपर रास्त्कोच्या बरगडीत.

"कोच, हा मला धरतोय!" पहिल्या दिवशी रास्त्को ओरडला.

अख्खा हॉल हसला. कोच बुदिमीर शिट्टी दातांत धरूनच म्हणाला, "धरतोय? अरेरे! आईला बोलावू का?"

ज्युनिअरमध्ये रास्त्को राजा होता. झ्लातार डोंगरातल्या खेड्यातल्या सुताराचा मुलगा. अठराव्या वर्षीच कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे. देशाच्या ज्युनिअर शिबिरात त्याचा खेळ बघायला परदेशातून माणसं यायची. तिथे त्याच्या खोलीत रेल्या नावाचा मुलगा होता, लांबून बॉल टाकण्यात उस्ताद. दोघं अंगाने मोठे पण मनाने पोरंच. उशा फेकून मारायचे आणि कुठल्या देशात जाऊन खेळायचं यावर भांडायचे. आता रेल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या संघात होता आणि रास्त्को इथे, मोरावा नदीकाठी, रुझा मावशींच्या घरी भाड्याने.

रुझा मावशी राजमा शिजवून वाट बघत बसायच्या. तो ताटावर बसायचा आणि पहिला घास घशाशी यायचा. अंगाला मलमाचा, दुसऱ्याच्या घामाचा वास चिकटलेला असायचा.

"हे लोक खेळतात की खाटकाचं काम करतात हो?" त्याने एकदा विचारलं.

"बाळा, माझा नवरा तीस वर्षं कारखान्यात होता," मावशी म्हणाल्या. "तिथेही नव्याला हेच. खा तू."

महिने गेले. रास्त्को बेंचवर बसून बसून टॉवेल वाटायला शिकला. मग एका दिवशी झार्कोनेच त्याला बाजूला घेतलं. "तू वाईट नाहीस, भावा. तुला फक्त कुणी शिकवलं नाही." आणि त्याने शिकवलं. रेफरी बॉलकडे बघत असताना मनगट कसं दाबायचं. समोरचा उडी घेणार त्या क्षणी त्याच्या बुटावर बूट कसा ठेवायचा. शेवटी त्याने हॉलमध्ये कुणी नाही असं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आणि हे. शूटर वर गेला की त्याचं लक्ष बास्केटवर. तो खाली येईल तिथे तुझा पाय असू दे. एवढंच. तू काही केलं नाहीस, तू नुसता उभा होतास."

"त्याचा घोटा जाईल की!"

"मग काय तुझा जायला हवा?"

रास्त्को त्या दिवशी आंघोळ न करताच घरी गेला. पण ते शिकवणं डोक्यात राहिलं होतं. ते विसरता येत नव्हतं, याचीच त्याला जास्त शिसारी आली.

वसंतात रेल्याचा संघ ब्रेझोवाकला आला. हरलो तर खालच्या लीगमध्ये, असा सामना. हॉल सिगारेटच्या धुराने आणि शिव्यांनी भरलेला. रेल्याने मध्यंतरापर्यंत लांबून एकामागून एक बास्केट घातल्या. कपडे बदलायच्या खोलीत बुदिमीरने पाण्याची बाटली भिंतीवर फेकली.

"त्या पोराचं शूटिंग बंद झालं पाहिजे. कसं, ते मला सांगू नका." मग त्याची नजर रास्त्कोवर थांबली. "तू जाशील. तू पोर आहेस. तुझ्याकडून चूक होऊ शकते."

अख्ख्या हंगामात रास्त्को पहिल्यांदा खरं खेळायला उतरला. रेल्याने त्याला बघून डोळा मारला. मैदानावर जाता जाता झार्को कानाशी एकच शब्द बोलला, "पाय."

रेल्या उजव्या कोपऱ्यात वर गेला. रास्त्को हात उंच करून त्याच्याकडे धावला, आणि एक पाऊल जास्त टाकलं. घसरलो असं तो पुढे अनेकांना सांगणार होता, पण तो घसरला नव्हता. पायावर पाय पडला. ओल्या फांदीला पीळ द्यावा तसा आवाज झाला, आणि रेल्या जमिनीवर पडून तोंड उघडं ठेवून राहिला. आवाजच फुटेना त्याला.

रेफरीने साधा फाउल दिला.

आणि मग हॉल उठला. "रास्त्को! रास्त्को!" ज्यांना सहा महिने त्याचं नाव माहीत नव्हतं ते लोक छाती पिटत त्याचं नाव घेत होते. एक म्हातारा कठड्यावरून वाकून त्याला उडते मुके देत होता. स्ट्रेचर बाहेर जाताना त्याच्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडली.

सामना जिंकला. झार्कोने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला आणि हातात राकिया दारूची बाटली कोंबली. "आता माणसात आलास!" रास्त्कोने एक घोट घेतला आणि संडासात जाऊन ओकला. त्यावरही सगळे प्रेमाने हसले.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने त्याच्यापुढे चीज भरलेला गरम बुरेक ठेवला. "पैसे? तुझ्याकडून? लाज आणतोस का मला!" आणि मग काउंटरवर वाकून, चवीने विचारलं, "मुद्दाम ना? सांग ना, मुद्दाम घातलास ना?" त्याच्या ओठांवर तेल चमकत होतं. रास्त्को बुरेक तसाच ठेवून बाहेर पडला आणि बसस्टँडवर गेला.

रेल्या इस्पितळात पाय टांगून पडला होता, आईने आणलेला आलुबुखाराचा केक खात. रास्त्को दारातच उभा राहिला. शिव्या खायच्या, मार खायचा, अशी तयारी करून आला होता.

"ये ना, गाढवा," रेल्या म्हणाला. "झार्कोने सांगितलं?"

रास्त्कोने मान हलवली.

"वाटलंच. आमच्याकडे हे काम आमचा कप्तान मिलुतिन शिकवतो." त्याने बोटं चाटली. "मी पण तुझ्यासाठी पाय तयार ठेवला होता. पहिल्या फेरीच्या सामन्यात. तू बेंचवरून उठलाच नाहीस, मग तुमच्या त्या टकल्याला दिला. नशीब त्याचं, बूट जाड होता."

तो हे असं बोलला, जसं शाळेत कॉपी केल्याचं सांगावं. वर केकचा तुकडा पुढे केला. "घे. नाहीतर आईला वाटेल तुला राग आलाय."

रास्त्कोने तो खाल्ला. परतीच्या बसमध्ये त्याला वाटत राहिलं की याच्यापेक्षा रेल्या तोंडावर थुंकला असता तर बरं झालं असतं.

एजंट आठवड्यानेच आला. सुगंधी, गुळगुळीत माणूस. परदेशी क्लबांना पाठवायचा व्हिडिओ त्याने कॅफेत बसून फोनवर दाखवला. त्यात ज्युनिअरमधले सुंदर पास होते, ब्लॉक होते, आणि सगळ्यांच्या आधी, संथ केलेला, रेल्याचा घोटा.

"हे काढा."

"वेडा आहेस? तेच तर विकलं जाणार. कोवळी पोरं सगळ्यांकडे आहेत, रास्त्को. हे बघून ते म्हणतात, हा मोठ्यांत टिकेल."

"काढा म्हणतो ना!"

"पोरा, मी तुझ्या भल्याचं बोलतोय."

"तुमचं भलं तुमच्या घशात घाला," रास्त्को म्हणाला. आवाज चिरका निघाला आणि पुढच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

मग तो बुदिमीरकडे गेला. "कोच, मी खेळेन. पण पाय घालणार नाही."

बुदिमीरने चेहरा कोरा केला. "कसला पाय? कुणी सांगितलं तुला पाय घालायला?" त्याला खरंच आठवत नसावं असं क्षणभर वाटलं. "जा, विश्रांती घे. दमलास तू."

ती विश्रांती दोन हंगाम चालली. परदेशातून कुणी आलं नाही. करार संपला तेव्हा झार्कोने हातही मिळवला नाही, आणि ते रास्त्कोला बरंच वाटलं.

आज तो सत्तावीस वर्षांचा आहे. घराजवळच्या छोट्या गावात दुसऱ्या लीगमध्ये खेळतो, दिवसा वडिलांबरोबर खिडक्या बनवतो. शूटर वर गेला की तो एक पाऊल दूर थांबतो. किती कोच ओरडले, कितींनी बाहेर बसवलं, पण त्याचं शरीरच पुढे जात नाही. दुसऱ्या संघांना हे ठाऊक आहे. ते मुद्दाम त्याच्याच बाजूला शूटर उभा करतात. याला कुणी चांगुलपणा म्हणालं की तो चिडतो. "कसला चांगुलपणा? मला उलटी होते, बस."

गेल्या वर्षी वरच्या लीगमध्ये जायचा सामना होता. शेवटचा बॉल अठरा वर्षांच्या एका पोराच्या हातात आला, रास्त्कोच्या समोरच. पोरगं वर गेलं. रास्त्को एक पाऊल दूर, हात उंच. पोरगं निवांत खाली उतरलं आणि बॉल जाळीतून गेला.

रास्त्कोच्याच संघाच्या लोकांनी त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या फेकल्या. "विकला गेलास, सुतारड्या!" बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. संघाचा बॉल पुढे नेणारा तरुण पॉइंट गार्ड पुढून वळून म्हणाला, "एक पाऊल, काका. एकच पाऊल पुढे आला असतास तर."

"माहीत आहे मला एक पाऊल," रास्त्को म्हणाला. त्याने पिशवीतून बायकोने दिलेली भाकरी आणि चीज काढलं. कडकडून भूक लागली होती. मागे कोणीतरी त्याला शिवी हासडत होतं, ते ऐकत तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिला.