बाबांनी पारखलेली बिजागरी

आमच्या घराला कैक वर्षं पत्र्याचं दार होतं. अमडापुरात कितीतरी घरांच्या चौकटी ज्याच्या हातच्या, त्याच सुताराच्या घराला पत्र्याचं दार. येणारे-जाणारे हसायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण माळ्यावर सागवानाच्या सहा फळ्या वाळत ठेवल्या होत्या. "आपलं दार असं करीन का लोक उभे राहून पाहतीन," म्हणायचे. लोकांची कामं संपली नाहीत आणि फळ्या माळ्यावरच राहिल्या.

दहावीनंतर मला बांधकामाच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. घरांचे नकाशे काढायचे म्हणजे कॉम्प्युटर हवा. मला टू-इन-वन पाहिजे होता, म्हणजे टायपिंग करायचं तेव्हा लॅपटॉप, आणि पेनानं नकाशा काढायचा तेव्हा पाटीसारखा हातात धरायचा टॅबलेट. बाबांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फक्त किंमत विचारली. दोन दिवसांनी मी कॉलेजातून आले तर माळा रिकामा.

मी भांडले. आमच्या घरात रडण्यापेक्षा भांडणं सोपं जातं, आणि मी तर पहिल्यापासूनच तापट डोक्याची. "तुम्ही दार विकून टाकलं," म्हणाले.

"दार नाई विकलं, लाकूड विकलं," बाबा म्हणाले. "दार माह्या हातात आहे. पण एक आयक, मशीन एकदाच घेऊ. दुसरी घ्याले आता माळ्यावर काही नाई."

त्या वाक्यानं माझी झोपच उडाली. तीन आठवडे मी व्हिडिओ पाहून यादी केली. रॅम किती, स्टोरेज किती, पेन कसा चालतो, बॅटरी किती तास टिकते. सगळं वहीत लिहिलेलं. त्या यादीचा मला भारी तोरा होता.

चिखलीच्या दुकानात आमच्या पैशात बसणारे दोन निघाले. एक चंदेरी, वहीएवढा पातळ. त्याची स्क्रीन कीबोर्डापासून सुटायची आणि मागे कापडी टेकू होता. दुसरा काळा, जाडजूड, आदल्या साली निघालेला. त्याची स्क्रीन सुटत नव्हती, बिजागरीवर पार मागे फिरायची. आतलं सामान दोघांचं सारखंच. माझा जीव चंदेरीवर जडला होता.

"भाऊ, हात लावू का?" बाबांनी दुकानदाराला विचारलं आणि चंदेरीकडे न पाहता काळा उचलला. उघडला, मिटला. परत उघडला, परत मिटला, कान जवळ नेऊन. मग अर्धा उघडा ठेवून स्क्रीनला टिचकी मारली. ती डुलली नाही. हे त्यांनी वीसेक वेळा तरी केलं असेल. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून आमच्याकडे पाहायला लागली.

"काका, दार नाही ते," दुकानदार म्हणाला. लोक हसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, बस करा ना आता. तुमाले काय समजते त्यातलं?" मी चारचौघांत बोलून गेले. ते वाक्य आज लिहितानाही लाज वाटते.

बाबा चिडले नाहीत. "आतलं तुले समजते, ते तू पाह्यलं. जे उघडते-मिटते ते मले समजते," एवढंच म्हणाले. मग त्यांनी दोन्ही मशिनी पालथ्या घातल्या. काळ्याच्या पाठीवर सात स्क्रू होते, चंदेरीच्या पाठीवर एकही नाही.

"हा कसा खोलता?"

"तो चिकटवलेला असतो काका, खोलायचा नसतोच."

"मंग बिघडला तर?"

दुकानदार प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "तर अवघड आहे." तिथंच निकाल लागला. फोनचा चार्जर काळ्याला चालेल का, तेही बाबांनी विचारून घेतलं, आणि तोच बांधून घेतला. गावाकडे येताना जीपमध्ये मी तो काळा ठोकळा मांडीवर घेऊन अमडापूरपर्यंत तोंड फुगवून बसले.

रुसवा टिकला महिनाभर. एका रात्री जेवून बाहेर आले तर बाबा ओट्यावर बसून मशिनीचा पेन पटाशीनं तासत होते. "टोक बोथट होतं वं, तासून देलं," म्हणाले आणि सवयीनं तो पेन कानावर खोचला. सकाळी माझा पहिला नकाशा द्यायचा होता. मी कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसले की आई पाहायला बाहेर आली. नशीब माझं, खोक्यात दोन जादा टोकं निघाली.

डिप्लोमा त्याच मशिनीवर झाला. मग चिखलीत एका इंजिनीअरकडे नोकरी झाली, तीही तिच्यावरच. सहाव्या वर्षी बॅटरी तासाभरात मान टाकायला लागली, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं ते सात स्क्रू काढले, नवी बॅटरी बसवली आणि माझा चहा संपायच्या आत स्क्रू परत लावून दिले. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे तसाच चंदेरी होता. बॅटरी फुगल्यावर तो कुणी दुरुस्तीला घेईना. बिजागरी मात्र आजही दुकानात होती तशीच घट्ट आहे. मला माझ्या बापाचा अभिमान वाटतो, आणि तो मी विचारणाऱ्याला सांगते, न विचारणाऱ्यालाही सांगते.

गेल्या वर्षी माझ्या कमाईतून सागवान आणलं. आमच्या दाराचा नकाशा मी त्याच काळ्या मशिनीवर काढला. बाबांनी चष्मा पुसून पाहिला. "दोनच बिजागऱ्या कायले? दाराचा पल्ला सागाचा, जड राह्यते. तीन दाखव." मी खोडून तीन दाखवल्या. पुढचे पंधरा दिवस घरभर लाकडाचा भुसा होता.

दार बसवलं त्या दिवशी आजूबाजूची माणसं खरंच उभी राहून पाहत होती. शेवटचा स्क्रू पिळून बाबा बाजूला झाले आणि मला म्हणाले, "तू पाह्य."

मी दार उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं, कान लावून. अर्धं उघडं ठेवून टिचकी मारली. हललं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"बस कर वं आता, किती वेळा," आई म्हणाली. शेजारचे हसले.

बाबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "पाहू द्या तिले," ते म्हणाले. "तिले समजते."