थपडेचा आवाज

थप्पड खरी होती. आणि तरीही माझ्या हातांनी टाळी वाजवली.

नाटकातली थप्पड खोटी असते. मारणारीचा हात गालाजवळून नुसता जातो आणि जिला मारायचं तीच, प्रेक्षकांकडे पाठ करून, कमरेपाशी टाळी वाजवते. तोच थपडेचा आवाज. धुळ्याच्या आमच्या हौशी नाटकमंडळात महिनाभर मी हेच करत होते. जुनी शोकांतिका. मी दासी. राणी होत्या मंडळाच्या अध्यक्षांच्या सूनबाई. त्या दिवशी तालमीत त्यांनी सणसणीत लगावली. कान बधिर झाला. सवयीनं माझी टाळीही वाजली. एका थपडेचे दोन आवाज! सगळे खो खो हसले.

सूनबाईंनी रुमालानं हात पुसला. "खरी मारल्याशिवाय हिच्या चेहऱ्यावर काही येतच नाही हो, सर."

दिग्दर्शक सर म्हणाले, "छान आलं. असंच ठेवा. टाळीही राहू दे, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो."

आणि मीही हसले. दात काढून हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. थपडेपेक्षा जास्त.

नाटकातला राजपुत्र बापाचा सूड घ्यायला निघतो, तलवार उपसतो आणि थांबतो. मारू का? पाप होईल का? अंकच्या अंक हेच. चहाच्या वेळी सर त्यावर तासभर बोलायचे. केवढं मन, केवढी सदसद्विवेकबुद्धी! सगळे माना डोलवायचे. तो थांबला की विवेक. मी तालमीत क्षणभर थांबले की मठ्ठ. त्या चहाची शिसारी आली मला.

आई चोपड्याकडे केळीच्या बागेत मजुरीला जाते. फोनवर तिला सांगितलं, हसून सोडून दिलं म्हणून. ती म्हणाली, "त्याम्हा हासासारखं काय शे वं माय?"

हसण्यासारखं काय होतं त्यात, हेच मी रात्रभर स्वतःला विचारत राहिले.

जळगावच्या प्रयोगाला मी ठरवूनच गेले. टाळी द्यायची नाही. गाल मागे घ्यायचा. हात हवेत फिरेल, आवाज येणार नाही, लोक राणीला हसतील. भर थिएटरात फजिती. सूड! पण विंगेत उभी राहिले आणि बाकीच्यांकडे लक्ष गेलं. राजपुत्र झालेला पोरगा गॅरेजमधून सुटून तसाच तालमीला यायचा. सगळ्यांनीच घाम गाळला होता. एकीच्या माजापायी मी त्यांचं नाटक का पाडू? म्हणजे मन मलाही होतंच की. कुणी त्यावर तासभर बोललं नव्हतं, एवढंच.

प्रवेश आला. हात उठला. मी मनगट धरलं.

"राणीसाहेब, हात लावायचा नाही."

हे वाक्य नाटकात नव्हतं. सूनबाई भेदरल्या, पुढचं वाक्य विसरल्या. मी हळूच ते त्यांना सांगितलं. त्यांनी म्हटलं. नाटक पुढे गेलं.

पडदा पडल्यावर सर मेकअप रूममध्ये आले. "पाया पड त्यांच्या. आत्ताच्या आत्ता."

जुनं हसू ओठांवर यायला लागलं होतं. गिळलं. "नाही पडणार."

मला काढलं. काल सरांचा फोन आला. नवी दासी मिळाली आहे, एरंडोलकडची, पहिल्यांदाच नाटकात. तिला टाळी जमत नाही. "येऊन शिकव जरा."

जाणार आहे मी. टाळी शिकवणार नाही. मनगट कुठे धरायचं ते दाखवणार, सूनबाईंच्या समोर.