कमानीखालचे वडील

काप्री बेटावर थापा मारणारे नावाडी पुष्कळ, पण कोस्तांझोची थाप पोट भरणारी होती. समुद्रातून सरळ वर आलेल्या त्या तीन सुळक्यांपाशी, फाराल्योनीपाशी, तो पर्यटकांची होडी न्यायचा. मधल्या सुळक्याला आरपार कमान आहे. तिच्याखाली तो इंजिन बंद करायचा, छातीवर हात ठेवायचा आणि सांगायचा, "इथंच माझ्या वडिलांनी आईचा पहिला मुका घेतला. आजही दोघं एकमेकांशिवाय घास घेत नाहीत. चला, घ्या मुके! लाजला त्याचा संसार मोडला म्हणून समजा." लोक डोळे पुसत मुके घ्यायचे आणि उतरताना बक्षिसी द्यायचे.

वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बक्षिसी येतेय म्हटल्यावर कोस्तांझो त्यांना मरू देत नव्हता.

तेही नावाडीच. बायकोला, इमाकोलाताला, त्यांनी त्या कमानीखाली एकदाही नेलं नाही. "गिऱ्हाइकाची जागा अडवायला बायको कशाला?" म्हणायचे. सगळ्या संसारात तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सुळके बघत भांडी घासली. याचं कुणाला काही वाटलं नाही, मुलाला तर मुळीच नाही.

मुलाचा डोळा त्या खिडकीवर होता. सुळके दिसणाऱ्या खोलीला पर्यटक वाटेल ते भाडं देतात. आईला खाली, वल्ही आणि दोर ठेवायच्या खोलीत हलवायचं, असा त्याचा बेत पक्का झाला होता. अशात एका रविवारी रविओली वाढता वाढता आई म्हणाली, "मी लग्न करतेय. अर्कांजेलोशी. आम्ही इथंच राहणार."

कोस्तांझोच्या हातातला काटा खाली पडला. "तो अनाकाप्रीचा? डोंगरावर जाणाऱ्या पाळण्यात लोकांना बसवायचा, तो?"

"आता निवृत्त झालाय."

"अगं, त्या वरच्या गावच्या लोकांना बादलीतलं पाणी बघून चक्कर येते! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तू चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहशील का, तेवढं सांग."

"मेलो तरी त्याला बाप म्हणणार नाही."

इमाकोलाताला वाईट वाटलं, फार वाटलं. रविओलीचं भांडं तेवढं तिनं त्याच्या पुढ्यातून उचलून आत नेलं.

पुढच्याच आठवड्यात मिलानची मंडळी घेऊन कोस्तांझो कमानीखाली थांबला. मुका सांगून झाला, संसार मोडून झाला, आणि समोरून दुसरी होडी आत शिरली. ती तोमासोची, म्हणजे धंद्यातल्या हाडवैऱ्याची. तिच्यात रविवारच्या काळ्या कोटावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून, चेहरा पार उतरलेला अर्कांजेलो बसला होता. त्याचा हात घट्ट धरून बसली होती आई.

"अय्या, किती गोड आजी-आजोबा!" मिलानची एक बाई ओरडली. "मुका! मुका!"

"काय रे कोस्तांझो," तोमासोनं साळसूदपणे विचारलं, "नाही घेतला तर काय होतं म्हणतोस?"

कोस्तांझोच्या होडीनं एका सुरात उत्तर दिलं, "संसार मोडतो!"

इमाकोलातानं अर्कांजेलोची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि त्याचा मुका घेतला. जन्मभर खिडकीतून बघितलेल्या ठिकाणी ती अखेर पोचली होती, आणि तिला परतायची घाई नव्हती. मग तिनं वळून हाक मारली, "कोस्तांझो, दुपारी जेवायला ये रे. रविओली केलीय."

"या तुमच्या आई?" बाई उठूनच उभी राहिली. "म्हणजे हेच ते वडील!"

टाळ्यांनी कमान दणाणली. तोमासो गालातल्या गालात हसत होता. आई हसत नव्हती, ती वाट बघत होती.

"सांगा ना, हेच ना?"

"हो," कोस्तांझो म्हणाला. "हेच."

"मग हाक मारा की त्यांना!"

त्यानं इंजिनाकडे बघितलं, सुळक्याकडे बघितलं, आणि मग बघायला दुसरं काही उरलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "घट्ट धरून बसा. बाहेर लाट आहे."