आधी गोल काढून दाखव

"आधी गोल काढून दाखव."

दुकानात शिरल्यावर काकांचं पहिलं वाक्य हेच. किंमत नाही, गॅरंटी नाही. पिशवीतून स्टीलची वाटी काढायची, काउंटरवर पालथी घालायची आणि लाकूड कोरणाऱ्या मशीनकडे बोट दाखवायचं.

डिलाईल रोडला माझ्या दुकानाजवळच्या चाळीतले हे काका चाळीस वर्षं माझगावच्या गोदीत लाकडी साचे करायचे. त्यांवरून लोखंडाचे भाग ओतले जात. निवृत्तीनंतर शेजारणींना पोळपाट करून दिले, दारांवरच्या पाट्या कोरल्या, बुद्धविहारासाठी धम्मचक्र करायला घेतलं. आणि पॅरालिसिसचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजव्या हातात कोरायची पटाशी टिकेना.

एक दिवस काकू माझ्या दुकानात आल्या. मी लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करते, म्हणून कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं अशी चाळीची समजूत आहे. "पोरी, दिवसभर भिंतीकडे बघत बसतात गं. जेवा म्हटलं तरी हूं, झोपा म्हटलं तरी हूं. कायतरी कर."

चित्र काढून दिलं की आपोआप लाकूड कोरणारं छोटं सीएनसी मशीन मिळतं, हे मीच सुचवलं. फोनवर एक स्वस्तातलं दाखवलंही. काका बराच वेळ बघत राहिले.

"फोटोत गोल दिसत नाय," म्हणाले.

झालं, आमची वरात नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात निघाली. पहिल्या मशीनने कोरलेल्या गोलावर काकांनी वाटी ठेवली. एका बाजूला केसभर फट.

"मशीनचा पट्टा सैल आहे."

दुकानदार हसला. "चाचा, इतना कौन देखता है?"

"मी बघतो ना!"

दुसरीकडचं मशीन भलंमोठं, आणि तेही परवडणारं. मला मोह झाला. काकांनी डाव्या अंगठ्याने वरची मोटर जराशी दाबली, तर सगळा सांगाडाच डुलला. "बडा घर, पोकळ वासा," म्हणत ते बाहेर पडले.

तिसऱ्या फेरीला माझा पारा चढला. दुकान बंद ठेवून फिरत होते मी. "काका, आपल्याला विमान बनवायचंय का? पोळपाट तर करायचेत!"

काका दुकानाच्या पायरीवर बसले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ती रागाला रागाने उत्तर देत नाहीत. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"मी मशीन नाय घेत, पोरी. हात घेतोय. हात बघून नको घ्यायला?"

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी घड्याळाकडे बघितलं नाही.

चौथ्या दुकानात सापडलं. जेमतेम दीड फुटाचं, खिडकीखाली मावेल असं, पट्ट्याऐवजी स्क्रूवर चालणारं. गोल कोरून झाला. वाटी बसली, फट नाही. काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. "बरं आहे."

काकूंच्या मटणालाही आयुष्यभरात याहून मोठी शाबासकी मिळालेली नव्हती. मी हुश्श केलं.

मशीनला मी माझा जुना लॅपटॉप जोडून दिला. मग काका रोज माझ्या दुकानात, ड्रॉइंग काढून घ्यायला. डाव्या हाताने माउस धरायला शिकले आणि माझ्या चुका काढायलाही. मशीन चालायचं ते शेजारच्या म्हातारीची झोप सांभाळून, अकरा ते एक.

आणि एकाएकी यायचे थांबले. एक दिवस, दोन, चार. फोन उचलेनात. पुन्हा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भरदुपारी शटर ओढून मी चाळीचा जिना चढले.

दुसऱ्या मजल्यावर घरघर ऐकू आली. गॅलरीत काकू तांदूळ निवडत होत्या. "जा आत. पण बोलतील अशी आशा नको."

काका पाठमोरे होते, कानात कापूस, अंगभर भुसा. लॅपटॉपवरचं चित्र माझं नव्हतं, त्यांनी स्वतः काढलेलं होतं.

"काका!" मी ओरडलेच.

"नंतर ये, पोरी. धम्मचक्राचा बाविसावा आरा चाललाय."

"फोन का नाही उचललात?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "वेळ कुठाय?"

मी जिन्यात बसून पोटभर रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग दुकान उघडायला गेले.

काका त्यानंतर माझ्याकडे फिरकलेले नाहीत. फिरकूच नयेत.