पांढऱ्यावर पांढरं नाव

हे मी आजवर कुणाला बोलले नाही — पोटच्या मुलीलाही नाही. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून कदाचित जमेल.

साठी उलटल्यावर मी मोबाइलवर बघून-बघून वेबसाइट करायला शिकले. आमच्या सर्वण गावात बायका मांडावर — गावच्या पूजेच्या अंगणात — रात्री ओळी धरून धालो खेळताना जी गाणी म्हणतात, त्यांचं पान केलं. गाणी सगळी माझ्या थोरल्या जावेची, शेवंतीबायची. तिला दिसत नसे. फोन पान मोठ्यानं वाचून दाखवी, ती ऐके. ‘गाणी शेवंतीची’ ही ओळ तिनं माझ्याकडून सगळ्यात वर लिहून घेतली, फोनकडून वदवून खात्रीही केली.

मग पान तालुक्याच्या प्रदर्शनात मांडायचं ठरलं. काय सजवलं मी ते — सरकती चित्रं, अबोलीची नक्षी. शिकवणारे सांगत, स्टाइलशीट — पानाचे रंग-रूप ठरवते ती — आधी अक्षर नीट वाचता यावं म्हणून, मग शोभा. वाचायचं कुणाला होतं? लोकांनी बघत राहावं, एवढंच मला हवं होतं. ती ओळ नक्षीत खुपते — असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू? खाली माझं नाव होतं. ते एकटं हवं होतं. ओळ पुसली तर बायला कळणार — म्हणून स्टाइलशीटमध्ये तिचा रंग पानाच्या पार्श्वभूमीसारखाच पांढरा केला. डोळ्यांना काही नाही. फोन मात्र वाचणार.

बाय कौतुकानं सांगे, पहिलं नाव माझं आहे. बायका बघत, तर कोरं. म्हातारीला भास होतात म्हणून हसत. एकदा मांडावर सगळ्यांदेखत तिनं मलाच विचारलं. आणि मी — मी म्हटलं, "तिथं नाव नाय गो, बाय."

ती हळूच म्हणाली, "मगे फोनात माझां नाव घेता कोण?"

आमच्याकडे कुणाच्याच नजरेस न पडणाऱ्यानं नाव घेतलं तर भूत समजून ओ देत नाहीत. तिनं फोन तांदळाच्या डब्यात पुरला. गाणं सोडलं. कधी कधी डब्याला कान लावून बसायची — मी बघत होते. तेव्हाही बोलले नाही. तशीच गेली.

बाराव्याला मी त्या ओळीचा रंग बदलला. एका शब्दाचं काम.

परवा पान फोनला वाचायला लावलं. त्यानं तिचं नाव घेतलं, मऊ बायकी आवाजात. ज्याला ती शेवटपर्यंत भ्याली, तो आवाज हाच. तो खरं बोलत होता. खोटं बोलणारी तिच्या शेजारी बसली होती.