पडझडकरांनी काढलेलं आमचं घर

धडधाकट इमारत पडझडकरांना बघवत नसे. समोर नुकताच रंग दिलेला ब्लॉक असायचा आणि यांच्या कागदावर त्याचं छप्पर उडालेलं, जिन्यातून पिंपळ उगवलेला. माणूस फ्रेंच, सत्तरी ओलांडलेला, सिंगापूरच्या तोआ पायोहमध्ये आमच्याच मजल्यावर भाड्याने राहणारा. 'पडझडकर' हे नाव माझ्या बायकोने, सुनंदाने ठेवलं. खऱ्या नावाचा उच्चार आम्हाला कधी जमला नाही.

मला त्यांचा पहिल्यापासून संशय. मी पुण्याचा, कोणी उगाच फुकट राबतोय म्हटलं की मला चैन पडत नाही. एक डोळा मिटून, हात लांब करून ते पेन्सिलीने खांब मोजत, अगदी सर्व्हेला आल्यासारखे. त्यांनी जुना बाजार काढला, काही महिन्यांत त्याला पत्र्याचं कुंपण पडलं. मग पोहण्याचा तलाव काढला, तोही गेला. हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारातला, कॉफीवाला अंकल तर त्यांना स्टॉलसमोर बसूच देत नसे. "ही पेंट, देन फिनिश लाह," म्हणजे यांनी चित्र काढलं की ती जागा संपलीच, असं त्याने मला हळूच सांगितलं. हा बिल्डरचाच माणूस, असं माझं मत पक्कं झालं.

एकदा लिफ्टमध्ये मी विचारलंच, "कुठली इमारत पडणार, हे तुम्हाला आधी कळतं का?"

ते हसले. "छे. या शहरात इमारतींना म्हातारपण येऊच देत नाहीत. आज उभी, उद्या कुंपण, परवा हिरवळ. म्हणून मी त्यांना कागदावर म्हातारं करतो." उत्तर छान होतं. छान उत्तरांवर माझा विश्वास नाही.

मग एका रविवारी ते खाली बाकावर बसून आमचाच ब्लॉक काढताना दिसले. या शहरात आमचं म्हणावं असं ते एकच घर. सुनंदा तडक खाली उतरली, मागोमाग मी. घरात अभद्र बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे तिने त्यांना इंग्रजीतून समजावलं. पडझडकरांनी पेन्सिल खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "तिला ऐकू येतं, की दिसतंही?"

सुनंदा गडबडली. "दिसत असेल," ती म्हणाली.

"मग हे चित्र घरात आणायचं नाही," त्यांनी शब्द दिला.

पुढे त्यांचा खोकला वाढला आणि त्यांची मुलगी त्यांना फ्रान्सला घेऊन गेली. निघताना त्यांनी लिफ्टपाशी माझ्या हातात कागदाची गुंडाळी ठेवली. "आत नेऊ नका," त्यांनी आठवण केली. मी ती परस्पर वन-नॉर्थला माझ्या ऑफिसात नेली. ब्लॉकच्या भिंती कोसळलेल्या, आमचा मजला अर्धा लोंबकळणारा. पण बांबूवर कपडे वाळत होते आणि उरलेल्या कॉरिडॉरमध्ये सुनंदा तुळशीला पाणी घालत होती. मी चित्र तिथेच कपाटामागे ठेवून दिलं आणि त्यात काय आहे ते सुनंदाला घरी येऊन सांगितलं. वर्षभरात ते गेल्याचं कळलं. मला वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं.

आणि परवा नोटीस आली. आमचा ब्लॉक पाडणार. माझा संशय पुन्हा उसळला, पण जाब विचारायला पडझडकर नव्हते. मी नोटीस घेऊन कॉरिडॉरमध्ये गेलो. सुनंदाने ती वाचली, तुळशीला उरलेलं पाणी घातलं.

"ते चित्र आण घरी," ती म्हणाली. "वास्तूला बघू दे. सगळं पडलंय, तरी आपण तिथेच राहतोय."