जावेच्या टपावरचा पांढरा दिवा

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच सांगते, अक्षराला हसू नका. मी चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे ते तेव्हाही कळत नव्हतं, आणि मासे कापून कापून बोटं आता पेन नीट धरत नाहीत. चुका असतील त्या पोटात घाला. मला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून लिहिते.

मी आणि माझी धाकटी जाऊ संध्याकाळी रस्त्याकडेला मासे विकतो. बंदराकडे उतरणारा रस्ता जिथे वळतो तिथे आमची बसायची जागा. घरचे मालक वारल्यापासून मी तिथे बसते, घर त्या माशांच्या टपावर चालतं. जाऊ माझ्यानंतर दोन वर्षांनी आली आणि दहा-बारा पावलं वरच्या बाजूला बसायला लागली. तिच्या डोक्यावर एक विजेचा खांब, माझ्या डोक्यावर एक. दोन्हींवर जुने पिवळे दिवे. तिचा दिवा निम्मा वेळ बंदच असायचा. ती बॅटरी लावून बसायची आणि गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं. तेव्हा मला तिची फार माया होती.

मग नवे पांढरे दिवे आले. कंत्राटदाराची माणसं उताराच्या वरून एकेक खांब करत खाली आली. जावेच्या खांबापर्यंत पोचली आणि सामान संपलं. माझा खांब पिवळाच राहिला.

मासा घेणारा माणूस आधी कल्ला उचलून बघतो. आत लाल असेल तर ताजा, काळपट असेल तर शिळा. पांढऱ्या दिव्याखाली लाल ते लाल दिसतं. माझ्या पिवळ्या दिव्याखाली तेच मातकट दिसायचं. आम्ही दोघी एकाच लिलावातून माल उचलायचो, एकाच लादीचा बर्फ फोडून घ्यायचो. पण तिचे बांगडे नुकते घासलेल्या भांड्यासारखे चमकायचे आणि माझे आजारी दिसायचे.

माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांत एक गुरुजी होते. त्यांनी एकदा माझा बांगडा उचलला, कल्ला बघितला आणि परत ठेवला.

"कालचे काय गो?"

"नाय हो गुरुजी, आजचेच. तिच्याकडे हायत तेच."

"तिच्याकडे बघून आलो मी. ते आजचे वाटतात."

वरून जाऊ ओरडली, "गुरुजी, वयनीकडचे पण ताजेच हायत! एकाच होडीचे!"

गुरुजी हसले आणि तिच्याकडे गेले. ती चांगल्या मनाने बोलली असेल. मला ते चिडवल्यासारखं लागलं. पुढे तर ती नोट मोडून मागायला आली तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. "वयनी, सुटे हायत काय?" म्हणजे मला दाखवायचं, बघा, माझ्याकडे एवढी मोठी नोट आली. तिच्या टपाभोवती किती डोकी आहेत ते मी मोजायची. तिने नवा ब्लाउज शिवला, तर माझ्याच गिऱ्हाइकांचा शिवला असं वाटायचं. उरलेले मासे मी घरी नेऊन खारवायची. मुलगी म्हणायची, आई, रोज रोज खारं?

त्या दिव्यांबद्दल वाडीत कुरबुर होतीच. ज्यांच्या खिडकीत तो उजेड पडायचा त्या बायका जुनी लुगडी लावून झोपायच्या, तरी पोरं किरकिरायची. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, झोपताना काळोख हवा, नाहीतर झोप पुरी होत नाही. रिक्षावाले म्हणायचे, उतरताना उजेड सरळ डोळ्यांत घुसतो आणि दिव्यांची रांग संपली की पुढचं काही क्षण दिसतच नाही. मी हे सगळं गोळा करून ठेवलं. खरं होतं सगळं. फक्त मला त्यातल्या कुणाची काळजी नव्हती.

एक दिवस दुपारी वायरमन खांब बघायला आला. जाऊ घरी होती. मी कधी परक्या पुरुषाशी आपणहून बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

"भाऊ, ह्या दिव्याचा त्रास होतो लोकांना."

तो म्हणाला, "बरोबर आहे मावशी. दिवा सरळ बसलाय, म्हणून डोळ्यांवर येतो. त्याचं तोंड खाली वळवतो आणि वरून टोपी लावतो. मग उजेड फक्त खाली पडेल."

खाली म्हणजे तिच्या टपावर. आणखी लख्ख.

"नको," मी म्हटलं. "बंदच करा."

"लेखी द्यावं लागेल."

मी दिलं. ह्याच हाताने अर्ज लिहिला, पोरांची झोप, रिक्षावाल्यांचे डोळे, सगळं घातलं. खाली वाडीतल्या चार बायकांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी तो दिवा बंद झाला.

पहिल्या संध्याकाळी माझा टप आठच्या आत रिकामा झाला. जाऊ जुनी बॅटरी घेऊन बसली होती. मी घरी जाताना गुणगुणत होते.

दुसऱ्या संध्याकाळी एक दुचाकीवाला वरच्या पांढऱ्या उजेडातून खाली आला आणि एकदम काळोखात शिरला. त्याला ती दिसलीच नाही. टप उलटला, बांगडे रस्ताभर झाले. जाऊ मनगटावर पडली. मी धावले तेव्हा ती हात पोटाशी धरून म्हणत होती, "वयनी, मासे उचला, गाडीखाली जातील."

मनगटाचं हाड मोडलं होतं. भावजी बोटीवर गेलेले, घरात पैसा नाही. मी बर्फाच्या मोठ्या पेटीसाठी साठवलेले पैसे हाडाच्या डॉक्टरकडे भरले. ती रडली. "तुमच्यासारखी जाऊ कुणाला मिळणार नाय. एकेक पैसा फेडीन." मी म्हटलं, राहू दे गो. मनात म्हटलं, फेडू नकोस, म्हणजे माझं फिटेल. पण ती ऐकेना. हाताला प्लास्टर असताना माझ्या शेजारी बसून डाव्या हाताने माशांचे वाटे लावायची आणि दर शनिवारी थोडे थोडे द्यायची. त्या दिवसांत मला तिचा हेवा वाटत नव्हता. ती माझ्या दिव्याखाली होती.

महिन्याने वायरमन सामान घेऊन आला. माझ्या खांबावर पांढरा दिवा बसवला, तिचा चालू केला, दोन्हींची तोंडं खाली वळवून टोप्या लावल्या. शिडीवरूनच म्हणाला, "काय मावशी, आता हरकत नाही ना? तुमच्या अर्जावर बंद केला आणि ते आमच्या अंगाशी आलं."

जावेचा हात थांबला. "कसला अर्ज, वयनी?"

मी माशांवर पाणी मारत राहिले. पुन्हा मारलं.  ती टप ओढत आपल्या जागेवर गेली. मी ओढू लागायला उठले, तर म्हणाली, "जमतं मला."

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर ती खाली माझ्याकडे आली. कानांतल्या कुड्या नव्हत्या. आमच्या सासूबाईंनी लग्नात घातलेल्या. तिने नोटा माझ्या टपाच्या फळीवर ठेवल्या.

"एवढेच ऱ्हायले होते ना? मोजा."

"कुड्या कशाला गो मोडल्यास? शनिवारी दिले असतेस."

"मोजा."

गिऱ्हाईक उभं होतं. माझ्या बांगड्यांचे कल्ले लाल दिसत होते, तिचेही तसेच दिसत असणार. तिच्या कानांत काही नव्हतं, तरी ती ताठ उभी होती. ते बघून मला पुन्हा तिचा हेवा वाटला. हात पुसून मी नोटा मोजल्या. पैसे पुरे होते.